मूक वर्गाची हजेरी

रेडिओवर बोलणाऱ्या माणसाची एक गंमत असते. खोली बंद, समोर मायक्रोफोन, काचेपलीकडे एक अधिकारी, आणि बोलायचं मात्र हजारो लोकांशी. मी अगदी रंगात येऊन काही सांगत असतो, नेमकं तेव्हाच तुमच्या घरी दूध उतू जातं, तुम्ही स्वयंपाकघरात धावता, आणि मी इकडे तुमच्या रिकाम्या खुर्चीशी बोलत राहतो. मला ते कळत नाही. कळायची सोयच नाही.

भाषणाचं त्यानं फारसं बिघडत नाही म्हणा. शिकवण्याचं बिघडतं. नाशिक जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी पस्तीस वर्षं संख्याशास्त्र शिकवलं. फळ्याकडे तोंड करून गणित मांडत असलो तरी मागे कोण हरवलंय हे पाठीला कळायचं. नोकरीच्या शेवटच्या वर्षी मात्र मी रेडिओवर बोलावं तसं शिकवलं. ते वर्ष होतं २०२०-२१. त्या वर्षाबद्दल पुढे बोलेन.

ऑनलाइन अभ्यासक्रम आणि उच्च शिक्षणाचं भवितव्य हा आजचा विषय. भवितव्य सांगणं हे ज्योतिषाचं काम. आम्ही संख्याशास्त्रवाले मागचे आकडे पाहिल्याशिवाय पुढचं बोलत नाही, तेव्हा आधी थोडं मागे जाऊ.

मी १९८६ साली नोकरीला लागलो. त्याच्या दोन वर्षं आधी, १५ ऑगस्ट १९८४ रोजी, विद्यापीठ अनुदान आयोगानं दूरदर्शनवर ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ हा कार्यक्रम सुरू केला होता. देशभरातल्या महाविद्यालयांतल्या मुलांसाठी चांगल्या प्राध्यापकांचे, चांगल्या प्रयोगांचे कार्यक्रम. कल्पना उत्तम होती. आमच्या महाविद्यालयातही एक रंगीत टीव्ही आला. तो लाकडी पेटीत बसवला, पेटीला दारं, दाराला कुलूप, आणि कुलपाची किल्ली हेडक्लार्कच्या कंबरेला. कार्यक्रम लागायचे तेव्हा मुलं प्रयोगशाळेत असायची, आणि लागायचे ते बहुतेक इंग्रजीत. ती पेटी मी खऱ्या अर्थानं उघडलेली पाहिली ती १९८७ साली, क्रिकेटच्या विश्वचषकाला. त्या दिवशी मात्र हॉल तुडुंब भरला होता. प्राचार्यही होते.

यात टीव्हीचा काही दोष नव्हता. पुढे सप्टेंबर २००४ मध्ये ‘एज्युसॅट’ हा खास शिक्षणासाठीचा उपग्रह आकाशात गेला, आणि अनेक महाविद्यालयांच्या गच्चीवर तबकड्या बसल्या. दर वेळी आनंद एकाच गोष्टीचा व्हायचा: आता धडा सगळीकडे पोचणार. तो पोचायचाही. पोचल्यावर त्याचं पुढे काय झालं, हे विचारायला कोणी जात नसे.

इंटरनेट आल्यावर हा आनंद फारच मोठा झाला. २०११ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात सेबास्टियन थ्रन आणि पीटर नॉर्विग या दोघांनी कृत्रिम बुद्धिमत्तेवरचा आपला वर्ग इंटरनेटवर सगळ्या जगाला फुकट खुला केला. नावं नोंदवली सुमारे एक लाख साठ हजार लोकांनी. एका वर्गात! थ्रनसाहेबांनी लगोलग ‘युडॅसिटी’ ही कंपनी काढली. २०१२ साली त्यांच्याच विद्यापीठातल्या अँड्र्यू एन्ग आणि डॅफ्नी कोलर यांनी ‘कोर्सेरा’ काढली, आणि एमआयटी व हार्वर्ड यांनी मिळून ‘एडएक्स’. अशा अभ्यासक्रमांना नाव पडलं मॅसिव्ह ओपन ऑनलाइन कोर्स. त्याची आद्याक्षरं जोडून उच्चार केला की आपल्या कानाला ऐकू येतं ‘मूक’. नाव ठेवणाऱ्यांना मराठी येत नव्हतं, पण नाव किती नेमकं पडलं पाहा. गुरुजी बोलतात, आणि समोर लाखभर मूक विद्यार्थी.

त्यांतले किती शेवटपर्यंत टिकले? एमआयटीनं २०१२ च्या वसंत ऋतूत इलेक्ट्रॉनिक्सचा पहिला अभ्यासक्रम खुला केला. नोंदणी सुमारे एक लाख पंचावन्न हजार. प्रमाणपत्र मिळालं ७,१५७ जणांना. आता हा आकडा दोन बाजूंनी पाहता येतो, आणि दोन्ही बाजूंनी पाहायला हवा. सात हजार विद्यार्थी मी पस्तीस वर्षांत शिकवले नसतील. एका शिक्षकाच्या आयुष्यात न मावणारं काम एका सत्रात झालं, हे मान्य केलंच पाहिजे. पण भागाकार केला तर शंभरातले पाचही उरत नाहीत.

पुढे हे प्रमाण सुधारलं असेल असं वाटतं ना? एमआयटीतल्याच जस्टिन राइक आणि त्यांच्या सहकाऱ्यानं २०१२ ते २०१८ या सहा वर्षांतल्या एमआयटी आणि हार्वर्डच्या अभ्यासक्रमांची आकडेवारी तपासून २०१९ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडली. २०१७-१८ मध्ये नाव नोंदवणाऱ्या शंभर जणांतले जेमतेम तीन जण अभ्यासक्रम पूर्ण करत होते. नेमका आकडा ३.१३ टक्के. निम्म्याहून अधिक लोक नाव नोंदवून पुन्हा तिकडे फिरकलेच नव्हते. ज्यांनी पैसे भरून प्रमाणपत्राचा मार्ग धरला होता, त्यांच्यात मात्र ४६ टक्के पूर्ण करत होते. फुकट मिळालेल्या पंचांगात कोणी मुहूर्त बघत नाही, असं माझे एक सहकारी म्हणायचे. मला ते अर्धंच पटतं. पैसे भरणारा माणूस मुळातच कंबर कसून आलेला असतो.

हा सगळा उत्साह भरात असताना कॅलिफोर्नियात एक प्रयोग झाला. माझा विषय त्यात असल्यानं मी तो बारकाईनं वाचला होता. जानेवारी २०१३ मध्ये सॅन होजे राज्य विद्यापीठानं युडॅसिटीबरोबर तीन अभ्यासक्रम सुरू केले: गणिताची पूर्वतयारी, बीजगणित आणि प्राथमिक संख्याशास्त्र. फी फक्त दीडशे डॉलर. उद्दिष्ट चांगलं होतं. गणितात मागे पडलेल्या, गरीब वस्तीतल्या मुलांना पदवीचं दार उघडून द्यायचं. पहिल्या सत्राचा निकाल लागला तेव्हा पूर्वतयारीच्या वर्गात चौथाई मुलंही उत्तीर्ण झाली नव्हती, आणि सगळ्यात बऱ्या, म्हणजे संख्याशास्त्राच्या वर्गात जेमतेम निम्मी. जुलैमध्ये प्रयोग थांबवला. उन्हाळ्यात तेच अभ्यासक्रम पुन्हा घेतले तेव्हा निकाल बरेच सुधारले, कारण त्या वेळच्या विद्यार्थ्यांत आधीच पदवी मिळवलेले पुष्कळ होते. ज्याला पोहता येतं त्याला कुठल्याही पाण्यात टाका, तो तरतोच. थ्रनसाहेबांनीही पुढे आपला माल कमी पडल्याचं मोकळेपणानं कबूल केलं.

याच काळातली एक यशोगाथाही सांगतात, तुम्ही वाचली असेल. एमआयटीच्या त्या पहिल्या अभ्यासक्रमात मंगोलियातल्या उलानबाटर शहरातल्या पंधरा वर्षांच्या मुलानं पैकीच्या पैकी गुण मिळवले. कुठं मंगोलिया, कुठं बोस्टन! पण गोष्ट सांगताना तिचा मधला भाग बहुतेक वेळा गाळला जातो. त्या मुलाच्या शाळेचे मुख्याध्यापक स्वतः एमआयटीत शिकलेले होते. आपल्या मुलांनी हा अभ्यासक्रम करावा हे त्यांनी ठरवलं, आणि स्टॅनफर्डमधल्या एका ओळखीच्या माणसाला प्रयोगाचं साहित्य घेऊन काही आठवडे बोलावून घेतलं. मुलगा हुशारच होता, त्यात शंका नाही. पण त्याच्या गावी त्याच्या शेजारी बसून, काय अडलं रे, असं विचारणारं कोणीतरी होतं.

आता ते २०२० चं वर्ष. मार्चमध्ये वर्ग बंद झाले आणि ऑगस्टमध्ये मोबाइलवर उघडले. त्याच्या दोनच वर्षं आधी, २०१७-१८ मध्ये, राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयानं पाहणी केली होती. ग्रामीण भागातल्या शंभर घरांपैकी पंधरांतही इंटरनेटची सोय नव्हती. मी हे आकडे वर्गात उदाहरण म्हणून फळ्यावर लिहिलेले होते. तरी शिकवताना विसरलो.

द्वितीय वर्षाचा वर्ग, पटावर बासष्ट मुलं. सकाळी अकराला मी जिन्याखालच्या खोलीत बसून नमुना निवड शिकवायचो. पडद्यावर मुलांच्या नावांची पहिली अक्षरं रंगीत गोलांत दिसत. हजेरी घेतली की एकेक जण लिहायचा: हजर, हजर, हजर. माझी उपस्थिती नव्वद टक्क्यांच्या वर गेली. खरं सांगतो, प्रत्यक्ष वर्गात मला इतकी कधी मिळाली नव्हती. महिन्याचा अहवाल कार्यालयात पाठवताना मला बरं वाटलं होतं.

तिसऱ्या आठवड्यात मी एकेकाला नंबरानं प्रश्न विचारायला लागलो. एकेचाळीस नंबरला विचारलं. ही मुलगी पहिल्या वर्षी पहिल्या बाकावर बसायची आणि माझी चूक झाली की लगेच हात वर करायची. उत्तर नाही. पुन्हा विचारलं. खरखर झाली आणि एका लहान मुलाचा आवाज आला. “सर, ताई टोमॅटो तोडायला गेलीय. मी तिची हजेरी लावतो. बाराला माझी शाळा आहे, मग फोन ठेवू का?”

सगळा वर्ग ऐकत होता. कोणी हसलं नाही, किंवा हसले असतील तर माइक बंद होते.

संध्याकाळी मी तिला फोन केला. घरात एकच फोन, तो वडिलांचा. सकाळी तोडणीला मजूर मिळत नव्हते. “मी रात्री नऊनंतर बघू शकते सर, पण रात्री तुमचा तास नसतो,” असं ती म्हणाली. यावर मला काही बोलता आलं नाही. दुसऱ्या दिवशी मी वही काढली आणि बासष्टच्या बासष्ट जणांना फोन लावायला सुरुवात केली. चार दिवस लागले. अठरा जण या ना त्या प्रकारे एकेचाळीस नंबरसारखेच होते. सोळा तास मी त्यांना शिकवत होतो, आणि ते तिथे नव्हते. मग मी तास ध्वनिमुद्रित करून पाठवायला लागलो, रात्री नऊ ते दहा फोनवर बसायला लागलो. मुलं गणिताचा फोटो काढून पाठवायची, मी लाल पेननं कागदावर दुरुस्त करून त्याचा फोटो परत पाठवायचो. धडा दिवसा कधीही बघा, अडलेलं रात्री विचारा. एकेचाळीस नंबर त्या वर्षी चांगली पास झाली. या पद्धतीला इंग्रजीत भारी नावं आहेत, ती मला निवृत्तीनंतर कळली.

पण ही पद्धत मला सुचली कुठून? ती मला माझ्या रविवारांनी शिकवली होती.

नाशिकला १९८९ साली यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ सुरू झालं. डॉ. राम ताकवले पहिले कुलगुरू. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद. त्याच्या मागे वीस वर्षं आधी इंग्लंडात स्थापन झालेल्या ओपन युनिव्हर्सिटीचं उदाहरण होतं. हॅरोल्ड विल्सन यांनी १९६३ साली हवेतल्या विद्यापीठाची कल्पना मांडली. त्यांच्या सरकारातल्या मंत्री जेनी ली, एका खाणकामगाराची मुलगी, हट्टानं तिच्यामागे उभ्या राहिल्या. जानेवारी १९७१ मध्ये सुमारे २५ हजार विद्यार्थ्यांनी अभ्यास सुरू केला. प्रवेशाला कुठल्याही परीक्षेची अट नव्हती. बीबीसीवरून पहाटे आणि रात्री उशिरा धडे लागत. लोकांच्या लक्षात राहिले ते दाढीवाले प्राध्यापक आणि त्यांचे पडद्यावरचे फळे. पण विद्यापीठ तरलं ते दुसऱ्याच गोष्टीवर. प्रत्येक विद्यार्थ्याला एक शिक्षक नेमून दिलेला असे. त्याच्याकडे टपालानं स्वाध्याय पाठवायचा, त्यानं तपासून, समासात सविस्तर लिहून परत पाठवायचा. आणि हे शिक्षक नीट तपासतात की नाही, शेरे कामाचे लिहितात की नुसतेच ‘ठीक’ लिहून मोकळे होतात, हे तपासायला आणखी माणसं नेमलेली होती. संगणकानं तपासायचे स्वाध्यायही तिथे सुरुवातीपासून होते. संगणक आला म्हणून शिक्षकाला घरी बसवलं नाही.

आमच्या महाविद्यालयात मुक्त विद्यापीठाचं अभ्यासकेंद्र होतं आणि मी तिथे समंत्रक होतो. समंत्रक म्हणजे शिकवणाऱ्यापेक्षा सल्ला देणारा. पुस्तकं घरपोच, ती लिहिलेलीही अशी की जणू समोर बसून कोणी बोलतंय. रविवारी संपर्कसत्र. १९९५ च्या सुमाराला एक एसटी कंडक्टर बी.कॉम.ला होते. तीन रविवार आले, मग गायब. मी एक पंधरा पैशांचं कार्ड टाकलं. ‘आपला दुसरा स्वाध्याय आला नाही. रविवारी यावे. डबा आणावा.’ एवढंच. पुढच्या रविवारी गृहस्थ डबा घेऊन हजर. म्हणाले, “सर, माझी ड्युटी मुक्कामी गाडीवर बदललीय. पण डेपो मॅनेजर सोडून मला गैरहजेरीबद्दल विचारणारे तुम्ही पहिलेच.” मग ते मुक्कामाच्या गावी गाडीतल्या दिव्याखाली गणितं सोडवायचे आणि सोमवारी परतीच्या फेरीला कागद आमच्या शिपायाच्या हातात ठेवून जायचे. टक्केवारी त्यांना माझ्यापेक्षा चटकन यायची. पाच वर्षांनी पदवी घेतली.

त्या कार्डाची किंमत पंधरा पैसे होती, पण ते टाकण्यासाठी मला कोणाचा स्वाध्याय आला नाही हे माहीत असावं लागलं होतं. ऑनलाइन शिक्षणाचं पुढे काय होणार, हे मला या कार्डावरून दिसतं.

आपल्या देशात काय चाललंय ते बघा. २००३ मध्ये सात आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून एनपीटेल हा उपक्रम सुरू केला. अभियांत्रिकी आणि विज्ञानाच्या व्याख्यानांचा आज तो प्रचंड साठा झाला आहे, काही व्याख्यानांची लेखी रूपांतरं मराठीतही मिळतात. ज्या गावात विषयाचा तज्ज्ञ सात जन्मांत येणार नाही, तिथली मुलगी मद्रास आयआयटीचा तास ऐकते. ही लहान गोष्ट नाही. ९ जुलै २०१७ रोजी केंद्र सरकारचं ‘स्वयम्’ हे व्यासपीठ सुरू झालं आणि एनपीटेल त्याचा भाग झालं.

एनपीटेलच्या रचनेतल्या दोन गोष्टी मला फार शहाणपणाच्या वाटतात. पहिली, शिकणं फुकट, पण २०१४ पासून प्रमाणपत्र हवं तर फी भरून परीक्षा केंद्रावर प्रत्यक्ष जाऊन बसायचं. आठवड्याच्या स्वाध्यायांना २५ गुण, परीक्षेला ७५. स्वाध्यायांची उत्तरं मोबाइलवर कशी फिरतात हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे, म्हणून हे पंचाहत्तर मोलाचे. दुसरी गोष्ट, महाविद्यालयांमध्ये त्यांची स्थानिक केंद्रं आहेत, आणि तिथला एखादा शिक्षक मुलांचा मार्गदर्शक म्हणून नाव नोंदवतो. म्हणजे उलानबाटरचे ते मुख्याध्यापक. जिथे तो शिक्षक खरोखर काम करतो तिथे काय होतं आणि जिथे नुसतं नाव असतं तिथे काय होतं, हे कुठल्याही दोन महाविद्यालयांत जाऊन बघा.

आता काळजीची गोष्ट. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१६ मध्ये नियम केला होता की एका सत्रातले २० टक्क्यांपर्यंत विषय स्वयम्‌वरून करता येतील. २०२१ मध्ये ही मर्यादा ४० टक्क्यांवर नेली. विद्यार्थ्याच्या दृष्टीनं हा नियम चांगला आहे. माझ्या महाविद्यालयात नसलेला विषय मला शिकता येतो, श्रेयांकही जमा होतात. पण हाच नियम संस्थेचा हिशेब ठेवणारा माणूस कसा वाचतो? आपल्याकडे प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षं रिकाम्या राहतात. तासिका तत्त्वावर काम करणारी, पीएच.डी. झालेली मुलं महिन्याकाठी हातात काय पडतं ते कोणाला सांगतही नाहीत. अशा ठिकाणी चाळीस टक्के हा आकडा दिसला की डोक्यात येतं: मग जागा भरायची कशाला? मुलांना सांगू, मोबाइलवर बघा. असं झालं तर ज्याच्या घरी शिकलेले आईवडील आहेत, स्वतःचा फोन आहे, स्वतःची खोली आहे, तो तरेल. एकेचाळीस नंबर सॅन होजेच्या रांगेत जाऊन उभी राहील. आणि तेव्हा म्हणतील, आम्ही तर आयआयटी घरात आणून दिली होती, तिलाच शिकायचं नव्हतं.

स्वस्त ऑनलाइन पदवी चांगली असूच शकत नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. अमेरिकेतल्या अटलांटा शहरात जॉर्जिया टेक नावाची नामांकित संस्था आहे. तिनं जानेवारी २०१४ मध्ये संगणकशास्त्राची पदव्युत्तर पदवी पूर्ण ऑनलाइन सुरू केली, सगळी मिळून फी सुमारे सात हजार डॉलर. तिथल्या मानानं ही फी किरकोळच. आज तिथे दहा हजारांहून अधिक विद्यार्थी आहेत, त्यांत आपल्याकडून गेलेले नोकरदारही असतात. ती टिकली याचं एक कारण, विद्यार्थी आधीच पदवीधर, बहुतेक नोकरीत. दुसरं कारण, शेकडो सहायक शिक्षक. तिथल्या प्राध्यापक अशोक गोयल यांच्या वर्गात एका सत्रात सुमारे दहा हजार शंका यायच्या. २०१६ साली त्यांनी एक संगणकी सहायिका बनवली, नाव ठेवलं जिल वॉटसन. परीक्षा कधी, कागद कुठं जमा करायचा, असल्या नेहमीच्या प्रश्नांची उत्तरं ती द्यायची. ती माणूस नाही हे मुलांना सत्राच्या शेवटी कळलं. हे मला आवडलं. नेहमीचे प्रश्न यंत्रानं घ्यावेत आणि माणसानं अवघड प्रश्नाला वेळ द्यावा.

त्याच शहरात जॉर्जिया राज्य विद्यापीठ आहे. ते सर्वसामान्य, पुष्कळशा गरीब घरांतल्या मुलांचं. तिथे २०१२ पासून संगणक प्रत्येक मुलावर लक्ष ठेवतो. पहिल्या चाचणीत गुण घसरले, चुकीचा विषय घेतला, फी थकली, अशा आठशेंवर खुणा तो बघतो आणि धोका दिसला की समुपदेशकाला कळवतो. समुपदेशक मुलाला बोलावून घेतो. या कामासाठी विद्यापीठानं चाळीसहून अधिक नवे समुपदेशक नेमले. पदवी पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण तिथे खूप वाढलं. माझं पंधरा पैशांचं कार्डच हे, फक्त कोणाचा स्वाध्याय आला नाही हे शोधायचं काम संगणकाकडे. कार्ड टाकायला मात्र त्यांनी माणसं वाढवली.

आणि नोव्हेंबर २०२२ पासून हाताशी आलेल्या त्या सगळं लिहून देणाऱ्या यंत्राचं काय? मला पुष्कळ जण विचारतात, आता शिक्षक कशाला हवा? तुर्कस्तानात २०२३ साली सुमारे हजार शाळकरी मुलांवर एक प्रयोग झाला. गणिताचा सराव करताना काहींना हे यंत्र जसंच्या तसं दिलं. सरावात त्यांची उत्तरं ४८ टक्क्यांनी सुधारली. मग यंत्र काढून घेऊन परीक्षा घेतली, तर ज्यांना ते कधी दिलंच नव्हतं त्यांच्यापेक्षा ही मुलं १७ टक्क्यांनी मागे पडली. तिसऱ्या गटाला तेच यंत्र दिलं होतं, पण उत्तर सांगायचं नाही, फक्त इशारा द्यायचा, असं शिक्षकांनी त्याला बजावून ठेवलेलं. त्या गटाचं हे नुकसान जवळजवळ झालं नाही. उत्तर माहीत असून न सांगणं ही आमच्या धंद्यातली सगळ्यात अवघड विद्या आहे. यंत्र ती शिकेल, शिकतंही आहे. कोणीतरी ती त्याला शिकवायला बसलं पाहिजे.

म्हणून पुढच्या वीस वर्षांचा माझा अंदाज असा. व्याख्यान फुकट होईल, खरं तर झालंच आहे. गावोगावच्या साध्या महाविद्यालयांत चांगली व्याख्यानं पडद्यावरून येतील आणि तेच तेच टिपण वर्षानुवर्षं लिहून देणाऱ्या शिक्षकाला काम उरणार नाही. त्याबद्दल मला दुःख नाही, मीही त्यातलाच होतो काही वर्षं. महाग होईल ते शेजारी बसणं. श्रीमंत विद्यापीठं ते विकत घेतील. आपल्या तालुक्याच्या महाविद्यालयांसाठी ते कोण विकत घेणार, यावर विद्यापीठांच्या सभांमध्ये भांडायला हवं. इंटरनेटचा वेग किती आणि टॅबलेट किती वाटले, यावर पुष्कळ बोलून झालं.

निवृत्त झाल्यावर मी बुधवारी संध्याकाळी आमच्या जुन्या महाविद्यालयात जातो. एक तरुण सहकारी एनपीटेलच्या संख्याशास्त्राच्या अभ्यासक्रमाचा गट चालवतात, मी त्यांच्या मदतीला. संगणकाच्या खोलीत सगळे मिळून तास बघतो, मध्येच थांबवतो, वाद घालतो. स्वाध्याय ज्यानं त्यानं करायचा. माझ्याकडे एक वही असते, तीच जुनी सवय.

गेल्या सत्रात तेवीस जणांनी नाव नोंदवलं आणि सतरा परीक्षेला बसले. उरलेले सहा कुठं गेले ते वहीत आहे. दोघांना सिन्नरच्या कारखान्यात नोकरी लागली. एकीचं लग्न ठरलं. एकाच्या वडिलांचं ऑपरेशन होतं. एकाला विषयच आवडला नाही, आणि तसं त्यानं येऊन सांगितलं, चहा पिऊन गेला. सहावा फोन उचलत नाही. तीनदा लावला. सोमवारी पुन्हा लावून बघणार आहे.